रखवालीची बंदूक आणि रात्रीची दुर्बीण

दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले असतील. रात्री साडेदहाला मानोऱ्याहून पुतण्याचा फोन.

"काका, झोपले तं नाही ना?"

तो शेतातल्या मचाणावरून बोलत होता. हरभरा नुकता वर आला होता आणि आदल्या रात्री डुकरांच्या कळपाने अर्धा एकर नांगरल्यासारखा उकरून टाकला होता. गडी जागलीला यायला तयार नाहीत, म्हणून हा स्वतःच बसलेला. सोबत बॅटरी, पत्र्याचा डबा आणि मोबाईल. त्या मोबाईलवर त्याने काहीतरी पाहिलं होतं.

"रात्रीची दुर्बीण हाये काका. बंदुकीवर बसवाची, नेम जुळवाचा, अन् काळ्याकुट्ट अंधारात दीडशे मीटरवरचं डुक्कर टिपाचं. आपल्या आबाजीच्या बंदुकीवर बसन का ते?"

मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. पण मग झोप काही आली नाही. त्याला फोनवर देता आलं नाही ते उत्तर इथे लिहितोय. घरच्या मंडळींनी वाचलं तर बरंच होईल, कारण ही बंदूक सगळ्यांच्या ओळखीची आहे.

तर आधी बंदुकीबद्दल. आबाजींची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजाने ठासायची, वर छर्रे आणि चिंधी. परवाना पीकसंरक्षणाचा. मानोरा तेव्हा अकोला जिल्ह्यात होता (वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला), त्यामुळे परवान्याच्या नूतनीकरणासाठी अकोल्याची वारी ठरलेली. आता तो परवाना माझ्या मोठ्या भावाच्या नावावर आहे.

शेतकऱ्याकडे ठासणीचीच बंदूक का, असं मला लहानपणी वाटायचं. सिनेमात तर रायफल दिसायची. उत्तर कायद्यात आहे. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी बिनपरवाना हत्यार बाळगायला बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात पिकाच्या खऱ्याखुऱ्या रखवालीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद केलेली आहे. तेवढीने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी बंदूक मिळू शकते, पण तीही गुळगुळीत नळीचीच. रायफलच्या नळीला आतून पीळदार आटे असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. गुळगुळीत नळीतून निघालेले छर्रे तीस-चाळीस पावलांनंतर पसरतात, त्यांच्या नेमाला काही अर्थ उरत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती बंदूक दिली ती धुऱ्याच्या आतल्या कामापुरती. आणि आबाजीही ती तशीच वापरत. दहातले नऊ बार नुसत्या दारूचे, छर्र्यांशिवाय. रात्री एक बार काढला की नाल्यापलीकडची डुकरंसुद्धा पळायची. ते बंदुकीचा वापर आवाजासाठी करत, गोफणीची मोठी बहीण समजा.

आता दुर्बिणीकडे येतो.

दुर्बीण बंदुकीवर बसवणं म्हणजे सायकलला घंटी बसवणं नव्हे. दुर्बीण नळीच्या वर चार-पाच सेंटिमीटरवर बसते. म्हणजे डोळ्याची रेघ वेगळी आणि गोळीची वाट वेगळी. गोळी सुटल्याबरोबर खाली पडायला लागते, म्हणून नळी किंचित वर रोखलेली ठेवावी लागते. या दोन वाटा ठरावीक अंतरावर एकत्र याव्यात म्हणून जे करतात, त्याला नेम जुळवणं म्हणतात. फौजेत त्याला झिरोइंग म्हणतात. शंभर मीटरवर कागद लावायचा, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, एकाच बिंदूवर तीन गोळ्या झाडायच्या, त्या कुठे लागल्या ते बघायचं आणि दुर्बिणीचे स्क्रू फिरवायचे. बहुतेक दुर्बिणींत स्क्रूची एक 'टिक' म्हणजे शंभर मीटरवर साधारण सात मिलिमीटर. गोळ्या चौदा सेंटिमीटर डावीकडे जात असतील तर उजवीकडे वीस टिका. मग परत तीन गोळ्या. असं समाधान होईपर्यंत.

यात चूक किती महाग पडते ते बघा. दुर्बिणीच्या दोन कड्यांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर आहे आणि त्यातलं एक कडं कागदाच्या जाडीएवढं, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, वर बसलं, तर शंभर मीटरवर फरक पडतो दहा सेंटिमीटरचा. रात्रीच्या दुर्बिणीचं आणखी एक दुखणं. ती जड असते आणि प्रत्येक धक्क्याला कडी सैल व्हायला बघतात. शिवाय प्रकाश वाढवणाऱ्या नळीची दुर्बीण भर दिवसा उघडी ठेवली तर नळी खराब होते. म्हणून दिवसा नेम जुळवताना तिच्यावर बारीक भोकाचं झाकण लावतात. आपल्या ठासणीच्या नळीवर मुळात कडी बसवायला जागाच नाही. ओढूनताणून बसवलीच, तरी छर्रे पसरणारच. जुळवायचं काय?

म्हणजे पुतण्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर 'बसत नाही' एवढंच आहे. पण मला तिथेच थांबावंसं वाटत नाही. उद्या तो दुसरी बंदूक शोधेल!

अंधारात नेम धरायची माणसाची हौस जुनी आहे. आपल्याकडे ती मचाणावर वाढली. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो मे १९२६ मध्ये, आंब्याच्या झाडावरच्या मचाणावरून. त्याने रायफलला विजेची बॅटरी बांधली होती. खाली बांधलेल्या बकऱ्याच्या गळ्यातली घंटा वाजली, त्याने बटण दाबलं, बिबट्या दिसला, गोळी सुटली आणि त्याच क्षणी बॅटरी विझली! सव्वाशे माणसं खाणाऱ्या जनावराला गोळी लागली की नाही, हे कळायला कॉर्बेटसारख्या माणसालाही उजाडायची वाट बघावी लागली. तो रात्रीत खाली उतरला नाही, हे मला त्या गोळीपेक्षा मोठं वाटतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. शेवटच्या वर्षात जर्मनांनी रायफलवर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा दिवा आणि तो प्रकाश दाखवणारी दुर्बीण बसवली. नाव ठेवलं व्हँपीर, म्हणजे रक्तपिपासू भूत. बॅटरीचं ओझं सैनिकाच्या पाठीवर. अमेरिकनांनी तसंच यंत्र १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत वापरलं. पल्ला शंभर यार्डांच्या आसपास. खोट अशी, की शत्रूकडेही तशीच दुर्बीण असली तर तुमचा दिवा त्याला लख्ख दिसणार. व्हिएतनामपर्यंत अमेरिकनांनी दिवाच काढून टाकला. चांदण्यांचा जो काही उजेड असेल तो नळीत हजारो पटींनी वाढवून हिरव्या पडद्यावर दाखवायचा. हिरवा एवढ्यासाठी की आपल्या डोळ्याला हिरव्या रंगाच्या छटा सगळ्यात जास्त ओळखता येतात. पुढे ही विद्या आपल्याकडेही आली. डेहराडूनच्या संरक्षण प्रयोगशाळेत या दुर्बिणींवर काम झालं, आणि प्रकाश वाढवणाऱ्या नळ्या बनवायचा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना तर १९९० पासून आपल्या पुण्यात!

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट मला लक्षात ठेवण्यासारखी वाटते. ही यंत्रं समोर माणूस शत्रू आहे हे आधीच ठरलेल्या जागेसाठी बनली. त्या हिरव्या चित्रात रंग नसतो, आणि खोलीही फारशी कळत नाही. जनावर साठ मीटरवर आहे की एकशे वीसवर, आणि त्याच्या मागे काय आहे, हे चित्र सांगत नाही. नेम जुळवल्याने गोळी कुठे लागेल ते कळतं. कोणाला लागेल ते कळत नाही.

आमच्या मानोऱ्याशी नावाचं साम्य असलेलं पालघर जिल्ह्यातलं मनोर. तिथल्या बोरशेतीच्या जंगलात जानेवारी २०२५ मध्ये गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले आणि डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी घातली. तो गेला. घाबरून बाकीच्यांनी प्रेत लपवलं. बातमी वाचली तेव्हा मला आधी आबाजी आठवले.

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. एका वर्षी ज्वारी निसवली होती. आबाजींनी बंदुकीच्या नळीखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दोन सेलची बॅटरी बांधली होती. आमची घरगुती रात्रीची दुर्बीणच म्हणा ना. पहाटे धुऱ्याला खसखस झाली. बॅटरी लावली तर दोन डोळे चमकले. त्या दिवशी बंदुकीत छर्रे होते. आबाजींनी घोडा चढवला आणि तसेच बसून राहिले. डोळे हलले, मग गळ्यातली घंटी वाजली. शेजाऱ्याचा गोऱ्हा दावं तोडून आला होता. शेजाऱ्याकडे बैलजोडी म्हणून तेवढंच होतं, एक म्हातारा बैल आणि हा गोऱ्हा. सकाळी आबाजींनी बॅटरी सोडून कोनाड्यात ठेवली ती परत बांधली नाही. आम्हाला म्हणायचे, "डोये चमकले म्हनून जनावर आपलं होत नाही पोरा. मांगं काय हाये ते पाह्य."

कायदाही आता बदललाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकार पूर्णच बंद झाली. पीक खाणाऱ्या जनावराला मारायचं तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता. परवानगी असली तरी रात्रीचं काम किती अवघड असतं हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिलंय. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ अवनी वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, सरकारी आदेश होता. तरी त्या अंधारात नेमकं काय घडलं यावर पुढे चौकशा आणि कोर्टकचेऱ्या झाल्याच.

हे सगळं लिहून पुतण्याचा हरभरा वाचणार नाही, हे मलाही कळतं. पुण्यात बसून मचाणावरच्या माणसाला उपदेश करणं सोपं आहे. रोही आणि डुकरं वाढली, जागलीची माणसं कमी झाली, नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याची वाट बघावी लागते आणि हाती पडतं ते बियाण्यालाही पुरेल की नाही कोण जाणे. त्याचा राग खरा आहे. मला फक्त एवढंच म्हणायचंय की आपल्या घरातली बंदूक रखवालीची आहे. तिच्यावर दुर्बीण चढली की रखवालदाराचा शिकारी होतो, आणि शिकाऱ्याला रात्री दीडशे मीटरवर जे दिसतं ते त्याच्या शेतात असेलच असं नाही. ते शेजाऱ्याच्या धुऱ्यावर असतं, आणि शेजारीही जागलीला आलेला असतो.

असो. डिसेंबरात आठ दिवस मानोऱ्याला जातोय. दोन रात्री मचाणावर मी बसेन, पुतण्याने तेवढं झोपून घ्यावं. डबा वाजवायला अजून येतो मला.

तुमच्याही घरी अशी एखादी ठासणीची बंदूक आणि तिची गोष्ट असेल तर जरूर सांगा.