बारा फोटो आणि एक धक्का

गावी गेलो की शनिवारी सकाळी कॅमेरा घेऊन पायी निघायचं, घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायचं आणि फक्त बारा फोटो काढायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. डिजिटलमुळे क्लिक फुकट झालं आणि बघणं बंद झालं, म्हणून हा उपाय.

परवा खारेपाटणला तेच केलं. किल्ल्याचे अवशेष, कपिलेश्वराचं देऊळ, बाजार यात अकरा फोटो संपले. शेवटचा मात्र ठरवून धक्क्याचा काढायचा होता. आजोबा सांगायचे की त्यांचे वडील पडावातून माल उतरवायचे. कुठे, ते मी कधीच विचारलं नाही. ते सांगत तेव्हा माझं डोकं मोबाईलमध्ये असायचं. आजोबा गेल्या वर्षी गेले.

तर, थोडा इतिहास. खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट सापडला, शके ९३० म्हणजे इ.स. १००८ चा. त्यात दक्षिण कोकणच्या शिलाहारांच्या दहा पिढ्या आहेत. त्यातल्या धम्मियराने बलिपत्तन वसवलं, आणि ते बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असं काही अभ्यासक मानतात. पण मला त्यातला कराचा भाग जास्त आवडतो. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण, कांदलमूलीयहून येणाऱ्यामागे एक सुवर्ण धरण, आणि हे उत्पन्न अव्वेश्वराच्या देवळाला. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या भागाला जहाजांचं अप्रूप नव्हतं, त्यांचे दरसुद्धा ठरलेले होते!

हा ताम्रपट पहिल्यांदा वाचून छापला तो बाळशास्त्री जांभेकरांनी, १८४० च्या दशकात. १८३२ साली 'दर्पण' काढणारे तेच. त्यांचं पोंभुर्ले इथून फार लांब नाही. आपल्या परिसराकडे नीट बघणारा माणूस, अजून काय!

पुढे खाडी गाळाने भरत गेली. मोठी गलबतं खाली वाघोटणलाच थांबायची आणि इथपर्यंत लहान होड्याच यायच्या. मग रस्ते झाले, ट्रक आले, आणि त्याही गेल्या.

ओहोटी होती. नुसता चिखल दिसत होता. एक म्हातारबाबा बघत उभे होते.

"रे बाबू, फोटो कसलो काढतंस? हय चिखलाशिवाय काय आसा?"

"आजानू, पडाव खंय लागत?"

ते जरा थांबले. मग काठी उचलून म्हणाले, "थंय, त्या वाकड्या माडाच्या हयसून. जागा माका बापाशीन दाखयलेली."

तिथे दगड नाही, पायरी नाही, काहीच नाही. तरी बारावा फोटो तिथलाच काढला. आजोबांचा धक्का हाच का, ते आता कोण सांगणार? रट्टराजाने जहाजाचा कर तांब्यावर कोरून ठेवला म्हणून तो आपल्याला कळला. आमचा धक्का मात्र एका म्हाताऱ्याच्या काठीच्या टोकावर शिल्लक होता.

घरी येऊन फोटोखाली तारीख, माड आणि बाबांचं वाक्य लिहून ठेवलं. तुमच्याकडेही कोणी असेल काठीने दाखवणारं, तर या शनिवारी जाऊन विचारा. कॅमेरा नसला तरी चालेल.