शिळ्या कढीचे मोल : अमेरिकी दूरचित्रवाणीवरील पुनःप्रसारण

अमेरिकी दूरचित्रवाणीच्या व्यवहारात रुळलेला ‘सिंडिकेशन’ हा शब्द मुळात वृत्तपत्रसृष्टीतला आहे. एकच व्यंगचित्रमालिका किंवा एकच स्तंभ गावोगावच्या वृत्तपत्रांना स्वतंत्रपणे विकण्याची जी रीत तेथे होती, तीच पुढे कार्यक्रमांना लागू झाली. म्हणजे एखादा कार्यक्रम एनबीसी, सीबीएस यांसारख्या राष्ट्रीय नेटवर्कवरून देशभर एकाच वेळी न दाखवता, तो ठरावीक मुदतीपुरता दाखवण्याचा हक्क प्रत्येक शहरातील स्थानिक केंद्राला वेगळा करार करून विकला जाऊ लागला. सिनसिनाटीच्या फ्रेडरिक झिव्ह यांनी हा धंदा आधी नभोवाणीवर केला होता आणि दूरचित्रवाणी येताच तो तेथे नेला. त्यांची ‘द सिस्को किड’ ही मालिका 1950 मध्ये सुरू झाली, तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते, तरीही ती रंगीत फिल्मवर चित्रित करण्यात आली. रंगीत संचांचे दिवस आले तरी माल विकला जावा, हा हिशेब त्यामागे होता.

बड्या नेटवर्कना मात्र ही दृष्टी तेव्हा नव्हती. त्यांचे बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत आणि जेथे थेट प्रक्षेपण पोहोचत नसे तेथे ‘किनेस्कोप’, म्हणजे पडद्यावर उमटणारे चित्र समोर कॅमेरा ठेवून टिपलेली अंधूक फिल्म, पाठवली जाई. ती एकदा दाखवून झाली की तिला फारसे मोल उरत नसे. ऑक्टोबर 1951 मध्ये सीबीएसवर सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्यूसी’ने या समजुतीला धक्का दिला. ल्यूसिल बॉल आणि डेसी आर्नाझ या कलावंत दांपत्याला हॉलिवूड सोडायचे नव्हते, तर प्रायोजक असलेल्या सिगारेट कंपनीला पूर्वेकडच्या दाट वस्तीतील प्रेक्षकांना अंधूक किनेस्कोप दाखवणे मान्य नव्हते. अखेर प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी, 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रण करण्याचे ठरले आणि त्याच्या वाढीव खर्चापायी या दांपत्याने आपल्या मानधनात कपात पत्करली. मोबदल्यात त्यांच्या ‘डेसिलू’ कंपनीला फिल्मांची मालकी मिळाली. दूरचित्रवाणीच्या इतिहासात इतका स्वस्त सौदा क्वचितच झाला असेल. दुसऱ्या वर्षी बॉल गरोदर असताना काही जुने भाग पुन्हा दाखवण्यात आले, आणि पुढे त्याच फिल्मांचे हक्क सीबीएसला विकून आलेल्या पैशाच्या आधारे डेसिलूने आरकेओ हा जुना चित्रपट स्टुडिओ विकत घेतला.

नेटवर्कवर पुनःप्रसारणाला त्या काळी उन्हाळ्याची जागा होती. वर्षाला 39 नवे भाग तयार होत आणि उरलेले 13 आठवडे जुन्या भागांवर किंवा बदली कार्यक्रमांवर निभावले जात. स्थानिक केंद्रांचे गणित वेगळे होते. त्यांना सोमवार ते शुक्रवार, रोज एकाच वेळी दाखवता येईल असा माल हवा असे, आणि आठवड्याला पाच भाग खपू लागले की 100 भागांची मालिकाही 20 आठवड्यांत संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागे. म्हणूनच 100 भाग हा या धंद्यातला परवलीचा आकडा बनला, आणि नेटवर्कवर तोट्यात चालणाऱ्या मालिकेचे निर्मातेही तो गाठण्यासाठी धडपडू लागले. अर्थात नियमाला अपवाद निघालेच. एनबीसीने 1969 मध्ये बंद केलेल्या ‘स्टार ट्रेक’चे अवघे 79 भाग होते, तरी सत्तरच्या दशकात स्थानिक केंद्रांवर ती पुनःपुन्हा लागत राहिली आणि मूळ प्रसारणात न लाभलेला प्रेक्षक तिने शिळ्या कढीला आलेल्या या ऊतात मिळवला.

केंद्राने दाम रोख मोजावेत ही एक रीत. दुसरी ‘बार्टर’, म्हणजे अदलाबदलीची. तिच्यात कार्यक्रम विनामूल्य मिळे, पण जाहिरातींच्या वेळेतील काही मिनिटे वितरक स्वतःकडे राखून राष्ट्रीय जाहिरातदारांना विकत असे. नेटवर्कनी 1971 मध्ये काढून टाकलेले ‘ही हॉ’ आणि लॉरेन्स वेल्क यांचा संगीताचा कार्यक्रम याच मार्गाने पुढे कितीतरी वर्षे चालले.

कमाईचे स्वरूप दिसू लागले तसे तिचे वाटेकरीही पुढे आले. प्रत्येक पुनःप्रसारणागणिक कलावंताला व लेखकाला मिळणारी रक्कम, जिला ‘रेसिड्युअल’ म्हणतात, ती आरंभी पहिल्या काही प्रसारणांपुरतीच मर्यादित होती. कार्यक्रम कितीही वेळा दाखवला तरी ती चालू राहावी, हे मान्य व्हायला कलावंतांना सत्तरचे दशक उजाडावे लागले. त्यामुळे आरंभीच्या मालिकांतील कित्येक चेहरे रोज पडद्यावर दिसत राहिले आणि त्यांच्या हाती त्यातून काहीच पडेना.

सरकारी हस्तक्षेपाने या धंद्याला वेगळेच वळण दिले. बाहेरच्या निर्मात्यांच्या मालिकांत नेटवर्कनी आर्थिक भागीदारी ठेवू नये आणि त्यांच्या पुनर्विक्रीचा धंदाही करू नये, असे नियम संघीय दळणवळण आयोगाने 1970 मध्ये केले. त्यापायी सीबीएसला आपली वितरण शाखा वेगळी काढावी लागली आणि 1971 मध्ये ती ‘व्हायकॉम’ या नावाने स्वतंत्र झाली. ‘आय लव्ह ल्यूसी’च्या पुनःप्रसारणाचा व्यवहारही तिच्याकडे गेला. नव्वदच्या दशकात हे नियम उठले आणि 2000 मध्ये त्याच व्हायकॉमने सीबीएस विकत घेतले.