चढा, बोट आपलीच आहे!

डबा खचाखच भरलाय, तरी घुसा. 1913 सालचं, न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च आहे हे, आणि आज सगळं शहर एकाच दिशेला निघालंय. इंजिन कण्हतं, गाडी डोंगराच्या पोटात शिरते. अहो, खिडकी! खिडकी लावा आधी! उशीर झाला. अडीच किलोमीटरचा बोगदा आणि वाफेचं इंजिन. कोळशाचा धूर तुमच्या घशात, डोळ्यांत, शेजारच्या बाईंच्या पांढऱ्या हातमोज्यांवर. दमट लोकरीचा वास, तंबाखूचा वास, ठसकता ठसकता हसणारी पोरं. मग एकदम उजेड, खारा वारा. लिटलटन बंदर.

ती बघा! राखाडी युद्धनौका, 180 मीटर लांब. तिच्यापुढे टेकडीवरची लाकडी घरं खेळण्यातली वाटतात. मागून कुणाचं तरी कोपर बरगडीत बसतं, पुढच्याची टोपी डोळ्यांवर येते, आणि शिडी चढायचे कष्ट न घेताच तुम्ही वर पोचता. गर्दीच चढवते.

वर खलाशी उभा आहे. त्याच्या टोपीच्या काळ्या फितीवर सोनेरी अक्षरं: एच.एम.एस. न्यूझीलंड. आपल्या देशाचं नाव परक्याच्या कपाळावर! कारण खलाशी जवळजवळ सगळे ब्रिटिश, बोट बांधली स्कॉटलंडमध्ये, हुकूम लंडनचा. इथल्या लोकांचं काय? यांचं कर्ज. 17 लाख पौंड, आणि देशात माणसं जेमतेम दहा-अकरा लाख. लोकर आणि लोण्यावर जगणाऱ्या लोकांनी माणशी दीड पौंडाहून जास्त, तान्ह्या बाळासकट, डोक्यावर घेतलेत. म्हणून तर तो शेतकरी बाजारातून आणलेल्या म्हशीची पाठ थोपटावी तशी तोफ थोपटतोय.

तुम्हीही हात लावा. लोखंड गारठलेलं आहे, पण खाली उतरायच्या तोंडातून तेलाचा, कोळशाचा ऊबदार भपका येतो. खाली 31 बॉयलर आहेत. बंदरात सगळे पेटवत नाहीत, तरी नाक पोळतं. (खरं तर ही बॅटलशिप नव्हे, बॅटलक्रूझर: वेग जास्त, चिलखत पातळ. हे इथे मोठ्यानं बोलू नका, पाण्यात ढकलतील.) पायांत काहीतरी घुटमळतंय? पेलोरस जॅक, बोटीवरचा बुलडॉग. बोटींना वाट दाखवणाऱ्या इथल्या एका प्रसिद्ध डॉल्फिनचं नाव त्याला दिलंय.

बोटीचे कॅप्टन हॅल्सी यांना इथल्या मूळच्या माओरी लोकांनी याच दौऱ्यात पिउपिउ भेट दिलाय, पात्यांचा, चालताना सळसळणारा घागरा. लढाईत हा अंगावर असू द्या, बोटीला मोठी इजा होणार नाही, असं सांगून. हसू नका. ते गणवेशावर तो खरंच चढवणार आहेत. पुढचे कॅप्टन ग्रीन जरा स्थूल, त्यांना तो बसणार नाही. ते पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या लढाईत तो हाताशी ठेवतील, आणि तिथे बोटीला एकच गोळा लागेल.

हा दौरा दहा आठवड्यांचा. जवळजवळ निम्मा देश बोट पाहून जाईल. गर्दी नकोच असेल तर सहा वर्षं थांबा. 1919 मध्ये ब्रिटिश अ‍ॅडमिरल जेलिको हीच बोट घेऊन मुंबईला येणार आहेत. पण तिथे तुम्हाला कुणी तोफ थोपटू देईल, असं मला नाही वाटत.