आजीचे दोन राजे

माझी आजी वऱ्हाडातली. अमरावतीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती कन्हानला आली, ते साल १९४०. दिवाळीच्या वाती वळताना तिला हटकून माहेर आठवे आणि ती म्हणे, "माह्या माहेरचा राजा निजाम होता, पन कायदा गोऱ्या सायबाचा!" आम्ही पोरे हसत असू. एका घराला दोन धनी कसे असतील? आजोबा तिला चिडवीत, "वर्धा नदी ओलांडली अन् तुझा एक राजा बुडाला!"

मी काही कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालेला शाळामास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. पण गेल्या वर्षी वर्गात जुना नकाशा टांगला होता, तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असे जोडनाव का? प्रांत एक, मग नावे दोन कशाला?" मला उत्तर देता आले नाही. घरी आलो तो आजीचे बोलणे कानात घेऊनच. मग जुनी पुस्तके धुंडाळली आणि कळले, की आजी अक्षर न् अक्षर खरे बोलत होती.

गोष्ट सुरू होते १८५३ साली. त्या वर्षीच्या मे महिन्यात निजामाने आपल्याकडील इंग्रजी फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने पुढच्या वर्षी त्यांचे राज्य खालसा केले. आमचे कन्हान त्यातच गेले. म्हणजे शेजारची दोन घरे एकाच सुमारास इंग्रजांच्या हाती पडली. पण नागपूर गेले ते कायमचे, आणि वऱ्हाड गेले ते गहाण म्हणून. सातबारा निजामाचा, वहिवाट साहेबाची!

१९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या मक्त्याने इंग्रजांकडे राहावे आणि निजामाला दर साल २५ लाख रुपये मिळावेत, असे ठरले. पुढच्या वर्षी वऱ्हाड कारभारापुरते मध्यप्रांताला जोडले गेले. जोडनावाचे मूळ हे. पण जोडले तरी ते ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग झाले नाही. नागपूरला जो कायदा आपोआप लागे, तो वर्धेपलीकडे लावायचा तर वेगळा सरकारी हुकूम काढावा लागे, कारण कायद्याच्या भाषेत वऱ्हाड ही परक्याची भूमी होती.

या गुंत्याची खरी गंमत निवडणुकीत दिसे. माँटफर्ड सुधारणा आल्या तेव्हा वऱ्हाडातही मते पडत, निकाल लागे. पण निजामाच्या प्रजेने निवडलेला माणूस इंग्रजी कायदेमंडळात सरळ कसा बसणार? म्हणून निवडून आलेल्याला सरकार पुन्हा 'नेमी'. आणि अशा नेमलेल्याला निवडून आलेलाच समजावे, असे पुन्हा कायद्यातच लिहिलेले! १९२३ साली निजामाने वऱ्हाड परत मागितले. १९२६ साली लॉर्ड रीडिंगने त्याला स्पष्ट नकार दिला. १९३६ साली आणखी एक करार झाला. त्यात निजामाचे धनीपण पुन्हा कबूल केले गेले आणि त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. कारभार होता तसाच राहिला.

वाटले, असा प्रकार आपल्याकडेच घडावा. पण नाही. पॅसिफिक महासागरात अमेरिकन सामोआ नावाची बेटे आहेत. तेथील सरदारांनी १९०० आणि १९०४ साली ती अमेरिकेला लिहून दिली. आजही तेथे जन्मलेला माणूस जन्माने अमेरिकेचा राष्ट्रिक असतो, नागरिक नव्हे. अध्यक्षाच्या निवडणुकीत त्याला मत नाही. १९६० साली त्यांची स्वतःची घटना झाली, १९६७ साली ती सुधारली. पण हायकोर्टाचा सरन्यायाधीश अजून वॉशिंग्टनचा मंत्री नेमतो.

मात्र एक फरक आहे. तेथील बहुतेक जमीन कुळांच्या सामाईक मालकीची. कुळाचा प्रमुख, ज्याला ते 'मताई' म्हणतात, तो तिचा सांभाळ करतो. काही सामोअन माणसे नागरिकत्व मागत अमेरिकेच्या कोर्टात गेली, तेव्हा सामोआच्या सरकारनेच विरोध केला. पूर्ण नागरिक झालो तर आपल्या जमिनीची चाल टिकेल का, ही भीती त्यामागे होती. २०२२ साली तेथील सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायला घेतले नाही. कोण बरोबर, हे मी कन्हानात बसून काय सांगावे? पण ती माणसे आपसांत भांडत तरी आहेत. वऱ्हाडच्या बाबतीत १८५३, १९०२ आणि १९३६ साली कागद झाले. त्यांवर निजामाची संमती होती, इंग्रज सरकारची होती. पेरणाऱ्या, वेचणाऱ्या वऱ्हाडी माणसाला एकदाही कोणी विचारले नाही.

१९४७ साली इंग्रज गेले, पुढच्या वर्षी हैदराबादचा प्रश्न मिटला, आणि २६ जानेवारी १९५० रोजी वर्धेच्या दोन्ही काठांवर एकच घटना लागू झाली. त्या दिवशी आजी माहेरच्या माणसांसारखीच नागरिक झाली, आजोबाही झाले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तिने कन्हानलाच मत दिले. बोटाची शाई पुसू नये म्हणून दोन दिवस तिने भांडी घासली नाहीत, ती आपल्याला घासावी लागली, असे आजोबा सांगत. सांगताना ते रागावल्याचे सोंग करीत. पण दर दिवाळीला तीच गोष्ट पुन्हा सांगत.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "गुरुजी, मग नकाशावरचे ते जोडनाव खोडू नका."

नाही खोडले.