सतलजच्या खोऱ्यातला वटवट्या

मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत 1885 च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले आणि ते जमवून आणणाऱ्यांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा सेवानिवृत्त इंग्रज सनदी अंमलदार अग्रभागी होता, एवढे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच वर्षी ह्याच गृहस्थाने सिमल्याच्या आपल्या बंगल्यातून पक्ष्यांची कातडी, घरटी आणि अंडी मिळून सुमारे 82,000 नग, देवदाराच्या 47 पेट्यांत भरून, लंडनच्या संग्रहालयास कायमचे देऊन टाकले, ही हकीकत इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत येत नाही. त्या पेट्यांतल्या एका चिमुकल्या, मातकट रंगाच्या आणि प्रथमदर्शनी कोणाचेही लक्ष वेधून न घेणाऱ्या कातड्याची ही कथा आहे.

हे कातडे ज्या वर्षी ह्यूमच्या हाती आले, त्या 1867 साली तो अंतर्देशीय जकातीचा कमिशनर होता. मिठावरील कर चुकवून माल पलीकडे जाऊ नये म्हणून सरकारने हिंदुस्थानच्या अंगावर आडवीतिडवी अशी सुमारे अडीच हजार मैलांची एक नाकेबंदी उभी केली होती. लोक तिला ‘परमट लैन’ म्हणत. तिच्या मोठ्या भागात बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंगाच्या जातीची काटेरी झाडे लावून जिवंत कुंपण वाढवण्याचे काम ह्यूमच्याच देखरेखीखाली नेटाने चालले होते. हजारो शिपाई, दारोगे आणि चौक्या असलेल्या ह्या खात्याने रयतेचे मीठ महाग केले, ह्याबद्दल त्याला क्षमा करण्याचे कारण नाही. मात्र ह्या नोकरीने त्याला फिरती दिली, आणि पक्ष्यांच्या नादी लागलेल्या माणसाला फिरतीहून मोठे इनाम कोणते!

त्या वर्षी 13 नोव्हेंबर रोजी, सतलजच्या खोऱ्यात रामपूरच्या आसमंतात, त्याला हा पक्षी मिळाला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याचे पोट चिरून कातडी अलगद उलटी काढली गेली असेल, आतून सोमलाचा लेप देऊन कापूस भरला गेला असेल, पंख अंगाशी मिटवून पाय जुळवले असतील आणि पायाला स्थळ-तिथीची चिठ्ठी बांधली असेल. असले कातडे म्हणजे एक दस्तऐवजच असतो; परंतु दस्तऐवज मिळणे निराळे आणि तो वाचता येणे निराळे. ह्यूमलाही तो लागलीच वाचता आला नाही. 1869 साली त्याने त्याची गणना पर्णवटवट्यांत केली, आणि दोन वर्षांनी मत बदलून त्याला बोरूच्या बेटांत राहणाऱ्या वटवट्यांच्या गणात बसवले. त्याने दिलेले नाव दुसऱ्या पक्ष्याला आधीच दिले गेले असल्यामुळे 1905 साली ओबरहोल्सर ह्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने नवे नाव दिले. आणि पुढे कित्येक वर्षे, हा निराळा पक्षी नसून एखाद्या परिचित जातीचाच विचित्र नग असावा, अशा शंकेच्या खात्यावर तो पडून राहिला.

शंकेचे कारण समजण्यासाठी आपल्या कुंपणातल्याच एका पाहुण्याकडे वळले पाहिजे. पावसाळा सरता सरता मेंदीच्या किंवा घाणेरीच्या झुडपातून दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा ‘चक्, चक्’ आवाज येऊ लागतो; बराच वेळ थांबले तर पानांआडून चिमणीहून सडपातळ, वरून मातकट, खालून मळकट पांढरा असा एक पक्षी क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. हा ब्लिथचा वटवट्या. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अधीक्षक एडवर्ड ब्लिथ ह्याने 1849 साली ह्याचे शास्त्रीय नामकरण केले, आणि झुडपांवरूनच केले. उत्तर युरेशियात उन्हाळा काढून हा आपल्याकडे हिवाळ्यास येतो आणि वसंतात परत जातो. ह्याच्या सर्व भाऊबंदांचा रंग असा एकसारखा आहे की, दुर्बिणीतून त्यांना ओळखू म्हणणाऱ्याने आपल्या धैर्याचे कौतुक करून घ्यावे आणि निर्णय दुसऱ्यावर सोपवावा.

पक्षी हातात आला म्हणजे गोष्ट पालटते. तर्जनी आणि मध्यमा ह्यांच्या बेचक्यात मान धरून, मिटलेला पंख पट्टीवर सपाट दाबून मिलिमीटर मोजायचे. मग पंखाच्या टोकाची लांब पिसे बाहेरून आत अशी मोजत जायचे. ह्या गणातील पहिले पीस खुरटे, केवळ नाममात्र असते. दुसऱ्याचे टोक मिटल्या पंखात आतल्या कितव्या पिसाच्या टोकाशी बरोबरी करते, ह्यावर जातीचा निवाडा होतो. ह्यालाच पक्षिविद्येत पंखसूत्र म्हणतात. ह्या सूत्रामागे प्रवासाचा हिशेब आहे. ज्याला वर्षातून दोनदा हजारो मैल जायचे असते, त्याची बाहेरची पिसे सामान्यतः लांब होतात आणि पंखाचे टोक निमुळते होते, कारण सरळ आणि दीर्घ उड्डाणात असा पंख हवेचा अडथळा कमी घेतो. उलट दाट झुडपात राहून क्षणार्धात उडी मारायची असेल तर आखूड, गोलसर पंख कामाचा. निसर्गाने दूरच्या प्रवाशाला आणि घरबशाला वेगळ्या मापाचे कपडे शिवले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. पण शिंप्याच्या मापावरून गिऱ्हाइकाचा मुक्काम सांगू गेल्यास कधीकधी फजिती होते.

ह्यूमच्या कातड्याची चोच अपेक्षेहून लांब, मागच्या बोटाची नखी मोठी आणि पंख ब्लिथच्या वटवट्याहूनही आखूड व गोल होता. एवढ्या माहितीवर निकाल देण्यास एकच नग पुरेसा नव्हता, आणि दुसरा मिळत नव्हता. ह्यूम स्वतः त्याचा शोध पुढे चालवू शकला नाही. त्याने वर्षानुवर्षे लिहिलेली पक्षिविषयक हस्तलिखिते एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली, त्या धक्क्याने त्याचा उत्साहच मावळला. संग्रह देऊन टाकण्यामागे हेही एक कारण होते. आमच्याकडे किती बखरी आणि किती बाडे वाण्याच्या पुड्यांना कामी आली, हे आठवले म्हणजे त्याच्या दुःखाशी अनायासे समरस होता येते.

2002 साली स्टॅफन बेन्श आणि डेव्हिड पिअर्सन ह्यांनी त्या जुन्या कातड्याच्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा केली आणि हा स्वतंत्र जातीचाच पक्षी, असा निर्णय दिला. सोबत, पंखाच्या गोलाईवरून, हा फार दूर जाणारा नसावा, एकाच मुलखात वा जवळपास राहणारा असावा, असाही कयास त्यांनी बांधला. कयास वाजवी होता.

चारच वर्षांनी, 27 मार्च 2006 रोजी, बँकॉकच्या नैर्ऋत्येस सांडपाण्याच्या शुद्धीकरणकेंद्राच्या झुडपांत जाळे लावणाऱ्या फिलिप राऊंड ह्या पक्षितज्ज्ञाच्या हातात एक वटवट्या आला. लांब चोच आणि आखूड पंख एकत्र पाहून त्याला शंका आली. त्याने माप घेतले, छायाचित्रे काढली, दोन पिसे काढून घेतली, पायात कडे घालून पक्षी सोडला आणि पिसे स्वीडनला बेन्शकडे पाठवली. ती ह्यूमच्या पक्ष्याशी जुळली. दरम्यान 138 वर्षे आणि काही महिने उलटले होते, आणि सतलज पश्चिमेकडे पुष्कळ लांब राहिली होती.

मग जुने कप्पे उघडले जाऊ लागले. लंडनच्या संग्रहालयाची कातडी आता ज्या ट्रिंग गावी असतात, तेथे ब्लिथच्या वटवट्यांच्या ओळीत 1869 सालचा, हिंदुस्थानातला, दुसरा नग निघाला. इतकी वर्षे तो चुकीच्या नावाखाली शेजाऱ्यांसोबत निजून होता. 2008 साली लार्स स्वेन्सन आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या संग्रहांतून आणखी दहा नग शोधले, आणि त्यांच्या चिठ्ठ्या अफगाणिस्तान व मध्य आशियातल्या मुलखांची साक्ष देऊ लागल्या. म्हणजे पामीरच्या बाजूला वीण करून, हिमालयाच्या कडेकडेने, हा आखूड पंखाचा पक्षी उत्तर हिंदुस्थान आणि आग्नेय आशियाकडे येत होता. पंखाने दिलेली साक्ष खोटी नव्हती, झुडपांतल्या आयुष्याविषयी ती खरीच होती. प्रवासाचा कागद मात्र तिने दाखवला नाही. (ब्लिथच्या वटवट्याचा पंखही प्रवासाच्या मानाने गोलसरच असतो, हे आधी लक्षात घेतले असते तर कदाचित एवढे आश्चर्य वाटले नसते.)

त्याच वर्षी अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, वाखानच्या अरुंद पट्टीत, नदीकाठच्या झुडपांतून रॉबर्ट टिमिन्स ह्या पाहणी करणाऱ्यास एक अनोळखी गाणे ऐकू आले. पुढच्या वर्षी तेथे जाळी लावली गेली आणि सुमारे वीस पक्षी हाती लागले. त्यांचे पंख पट्टीवर दाबून मोजले, एकदोन पिसे घेतली, आणि सगळे जिवंत सोडून दिले.