प्राणिचित्रांकित रोमन शिशाची टोकने : संग्रह आणि अर्थनिर्णयाचा प्रश्न

प्रस्तावना :
प्राचीन रोमच्या इतिहासलेखनात सोन्या-चांदीच्या नाण्यांना जे स्थान मिळाले, ते शिशाच्या लहान टोकनांना दीर्घकाळ मिळाले नाही. ‘टेसेरा’ या लॅटिन नावाने ओळखली जाणारी ही टोकने प्रामुख्याने इ. स. च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील आहेत. त्यांवर देवता व अक्षरांबरोबरच हत्ती, सिंह, रानडुक्कर, कोंबडा, विंचू असे प्राणी आढळतात. या चित्रांमुळेच संग्राहकांना त्यांचे आकर्षण वाटते. अशा संग्रहांनी इतिहासाला काय दिले आणि त्याच्यापासून काय हिरावले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

टोकनांचे स्वरूप :
दगडी साच्याच्या दोन भागांवर चित्रे कोरून, ते जुळवून त्यांत वितळलेले शिसे ओतले जाई. असे साचे रोममध्ये व ओस्तिया या बंदरात सापडले आहेत. शिसे स्वस्त व लवकर वितळणारे असल्याने खाजगी व्यक्ती आणि संघही टोकने काढू शकत. सातवाहनांची शिशाची नाणी परिचित असलेल्या वाचकाने येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ती नाणी राजाच्या नावाने काढलेले चलन होते. रोमन टोकन मात्र सामान्यतः विशिष्ट प्रसंगापुरते वा समूहापुरते उपयोगाचे असे.

प्राणिचित्रांचा अर्थ :
प्राणी दिसला की रंगभूमीतील पशुझुंजींशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. त्याला आधारही आहे. कवी मार्शल याने आपल्या आठव्या पुस्तकात, खेळांत दाखविलेले पशू टोकनाच्या बदल्यात प्रेक्षकांना मिळत, असा उल्लेख केला आहे. परंतु ते टोकन कोणत्या धातूचे होते व त्यावर कोणते चित्र होते, हे तो सांगत नाही.

रानडुकराचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हा प्राणी शिकारीच्या खेळांत असे. तो विसाव्या लीजनचे, म्हणजे सैन्यदलाचे, चिन्ह होता. शिवाय ‘आपेर’ (रानडुक्कर) हे रोमन व्यक्तिनामही होते. त्यामुळे एकच चित्र खेळाचे, सैन्याचे किंवा एखाद्या यजमानाच्या नावाचे सूचक असू शकते. यांपैकी कोणता अर्थ घ्यावा, हे केवळ चित्र पाहून ठरत नाही. त्यासाठी टोकन कोठे, कोणत्या थरात व कशासोबत सापडले, हे माहीत असावे लागते.

संग्राहकांचे कार्य व मर्यादा :
फ्रांचेस्को फिकोरोनी याने इ. स. 1740 मध्ये रोम येथे प्राचीन शिशाच्या वस्तूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इ. स. 1876 पासून टायबर नदीचे बांध उभारले जात असताना नदीच्या गाळातून अनेक टोकने वर आली. इ. स. 1903 मध्ये मिखाईल रोस्तोव्त्सेफ याने निरनिराळ्या संग्रहांतील तीन हजारांहून अधिक प्रकारांची सूची सिद्ध केली. संग्राहकांनी ही टोकने जपली नसती, तर ही सूची अशक्यच होती. कारण मऊ व बहुधा झिजलेल्या शिशाला बाजारात फारसे मोल नव्हते.

तथापि, जे जपले गेले ते बहुतांशी स्थळाविना. प्राण्यांप्रमाणे लावलेल्या पेटीत दहा हत्ती शेजारी ठेवले जातात. ते दहा ठिकाणांहून आले की एकाच साच्यातून, हे मात्र कळत नाही. अलीकडे क्लेअर रोवन यांच्यासारख्या संशोधकांनी साचे व प्राप्तिस्थळे यांच्या आधारे या टोकनांचा नव्याने अभ्यास केला, तेव्हा ओस्तियासारख्या नगरातील स्थानिक समूहजीवनावर प्रकाश पडला.

निष्कर्ष :
प्राणिचित्र हे टोकनाचे वर्णन आहे, अर्थ नव्हे. संग्राहकाने वस्तू वाचविली, हे त्याचे ऋण मान्य करावेच लागते. परंतु जी वस्तू आजही जमिनीत आहे, तिचे स्थळ नोंदविल्याशिवाय ती उचलणे म्हणजे तिचा अर्धा इतिहास तेथेच टाकून येणे होय. मौल्यवान नाण्यावर राजाचे नाव तरी असते. या अनाम टोकनांजवळ मात्र त्यांच्या स्थळाखेरीज दुसरा साक्षीदार क्वचितच असतो.