उंबरठ्यावरची सरकारी भाषा

कोरोनाच्या साथीत, 15 सप्टेंबर 2020 रोजी, महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. गोंदियाला खेटून वाढलेल्या फुलचूरसारख्या वस्तीत पोवारी, झाडीबोली आणि हिंदी एकाच गल्लीत ऐकू येतात. मुंबईत ठरलेली प्रमाण मराठीतली घोषणा अशा ठिकाणी फलकावर वाचली जाते, पण ती पटवून द्यायला माणूस लागतो. म्हणून या मोहिमेचे खरे बळ घोषणेत नव्हते. ताप आणि प्राणवायूची पातळी मोजत दारोदार फिरणाऱ्या आशा सेविकेत ते होते, असे माझे मत आहे.

सरकार दारात येणे ही गोष्ट नवी नव्हती. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी गोरे सैनिक घरात शिरून झडती घेत होते. त्यातून पेटलेला संताप 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्यांपर्यंत गेला. यावर कोणी म्हणेल, रोग भयंकर होता, समजूत घालत बसायला वेळ कुठे होता? वेळ कमी होता हे खरे. पण धास्तावलेली माणसे रुग्ण लपवू लागली, म्हणजे सक्तीने तो वेळही वाचवला नाही. कोरोनाच्या टाळेबंदीतही पोलिसांच्या काठ्या चालल्या, हा दुसरा आक्षेप मान्यच करायला हवा. फरक एवढाच, की काठीच्या मागोमाग गावातलीच ओळखीची बाई आली, आणि तिला घरातल्या आजाऱ्याविषयी आपणहून सांगता येत होते.